कोंवळ्या पायांना जामीन कोण?

बाळाचे पाय पाळण्यांत दिसतात, अशी आपल्याकडे म्हण आहे. ती बहुधा कौतुकाच्या प्रसंगींच वापरली जाते. पण तिच्या पोटांत एक प्रश्न दडलेला आहे व तो सहसा कोणी विचारीत नाहीं. पाय दिसले, हें ठीक. परंतु ते दिसले एवढ्यावरून त्यांच्यावर हक्क कोणाचा उत्पन्न होतो? आईबापांचा? ज्या शाळेनें त्यांना वळण लावलें तिचा? ज्या मंडळीनें पैसा घातला तिचा? कीं ज्याचे ते पाय आहेत त्या मुलाचा, ज्याला अजून मिसरूडही फुटलेली नाहीं? विद्या, संगीत, कुस्ती ह्या सर्वांच्या बाबतींत हा प्रश्न उद्भवतोच. पण धंदेवाईक फुटबॉलनें तो जितका उघडा करून मांडला आहे, तितका दुसऱ्या कोणत्याही व्यवसायानें मांडलेला आम्हांस दिसत नाहीं. येथें निवडीचें वय फार कोंवळें, कमाईचा काळ फार थोडा, आणि माणसाचें मोल चारचौघांत रोख आंकड्यांनीं बोललें जातें.

नुसती तत्त्वचर्चा हवेंत राहते, म्हणून एक चरित्र डोळ्यांपुढें ठेवूं. अनिकेत जाधव हा मुलगा इ. स. २००० च्या जुलै महिन्यांत कोल्हापुरास जन्मला. कोल्हापूर म्हटलें कीं परगांवच्या माणसाला तांबडी माती आठवते. परंतु त्याच गांवांत फुटबॉलचें वेड कुस्तीच्या वेडाच्या खांद्याला खांदा लावून वाढलें आहे, हें पुण्यांतील पुष्कळ सुशिक्षितांस ठाऊक नसतें. विशेष असें कीं, तेथील नांवाजलेले संघ कोणा कंपनीचे नसून बहुतेक तालमींचे आणि तरुण मंडळांचे आहेत. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ हीं त्यांचीं नांवें. मल्ल घडविण्यासाठीं पेठापेठांतून ज्या संस्था निघाल्या त्यांनींच पुढें चेंडू हातीं, किंबहुना पायीं, घेतला. शाहू स्टेडियमवर सामना असला म्हणजे पेठच्या पेठ तिकडे लोटते, आणि हरल्या रात्रीं त्या पेठेंत जेवणें बेचव होतात.

ह्या तालमींविषयीं दोन शब्द अधिक लिहिणें भाग आहे, कारण पुढील विचाराचा कणा तोच आहे. शाहू छत्रपतींनीं मल्लविद्येला आश्रय दिला, १९१२ सालीं खासबागेचें मैदान बांधलें, देशोदेशींचे मल्ल तेथें येऊन गेले. पुढें १९४९ सालीं संस्थान विलीन झालें व राजाश्रय सरला. हिशेबानें पाहतां तालमीही त्याबरोबर सरावयास हव्या होत्या. पण त्या राहिल्या. कारण तालमीला एक धनी नसतो. तिचा धनी म्हणजे सबंध पेठ. कोणी वर्गणी देतो, कोणी संघाला दूध पाजतो, कोणी नुसता आरडाओरडा करतो. पण एकाच्या खिशाला भोंक पडलें म्हणून तालमीचें दार बंद होत नाहीं. आम्हांस तालमींची पोवाडेगिरी करावयाची नाहीं. त्यांच्या पाठीराख्यांच्या हुल्लडबाजीनें सामने बंद पडल्याचीं उदाहरणें आहेत, आणि तालमीच्या खेळाडूला केवळ खेळावर संसार चालवितां येत नाहीं, हें तर उघडच आहे. ती मुलाला फारसें कांहीं देत नाहीं. पण ती मुलाकडून फारसें घेतही नाहीं. मुलगा आपल्या घरीं जेवतो, आपल्या शाळेंत जातो, आणि संध्याकाळीं खेळतो.

अनिकेत ह्या वातावरणांतून निघाला व महाराष्ट्र सरकारच्या क्रीडा प्रबोधिनींत दाखल होऊन पुण्यास बालेवाडीला आला. बालेवाडीची क्रीडानगरी १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठीं उभारलेली. तेथील प्रबोधिनी म्हणजे निवासी शाळा: राहणें, जेवणें, शिकणें आणि खेळणें एकाच आवारांत. येथें देवघेवीचें स्वरूप एकदम पालटतें. तालीम मुलाची संध्याकाळ घेते. निवासी संस्था त्याचे चोवीस तास घेते. ती सरकारी आहे आणि उद्यां सकाळीं उठून निघून जाणार नाहीं, एवढा दिलासा मात्र बापाला असतो.

पुढचा वृत्तांत बहुतेकांना वर्तमानपत्रांतून ठाऊक असेल. १७ वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा ऑक्टोबर २०१७ मध्यें आपल्या देशांत झाली. यजमान म्हणून भारताला तींत जागा मिळाली, व एकवीस मुलांच्या त्या चमूंत आघाडीला खेळणारा हा कोल्हापूरचा मुलगा होता. दिल्लीस झालेले तिन्ही सामने भारत हरला: अमेरिकेकडून ०–३, कोलंबियाकडून १–२, घानाकडून ०–४. कोलंबियाविरुद्ध मधल्या फळींतल्या जीकसन सिंगनें डोक्यानें मारलेला गोल हा जागतिक स्पर्धेंतला भारताचा पहिला. त्या वेळीं सबंध देशानें ह्या मुलांना डोक्यावर घेतलें. नंतर अनिकेत, राष्ट्रीय संघटनेनें तरुण मुलांसाठीं चालविलेल्या इंडियन ॲरोज संघांतून खेळला, इंग्लंडांत ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे कांहीं काळ शिकावयास जाऊन आला, २०१९ मध्यें जमशेदपूरच्या क्लबांत आणि २०२१ मध्यें हैदराबादच्या क्लबांत गेला. (ब्लॅकबर्न हा शंभरावर वर्षांचा इंग्रजी क्लब २०१० पासून पुण्याच्या एका कुक्कुटपालन करणाऱ्या उद्योगसमूहाच्या मालकीचा आहे. शेक्सपिअर शिकविण्यांत हयात घालविलेल्या आमच्यासारख्यांना ह्या गोष्टीची मौज वाटल्यावांचून राहत नाहीं.)

म्हणजे ही हकीकत यशाचीच आहे. तरी तीच घेतली, कारण यशाच्या हकीकतींतच मूळ प्रश्न अधिक चांगला झांकला जातो. ज्या संस्थांनीं ह्या मुलाला हात दिला, त्यांचें पुढें काय झालें पाहा. इंडियन ॲरोज एकदां २०१३ मध्यें मोडला, २०१७ मध्यें पुन्हा उभा केला आणि २०२२ मध्यें पुन्हा मिटविला. हैदराबादचा क्लब तर जन्मलाच तो २०१९ मध्यें, पुण्याचा एक क्लब बंद पडल्यावर त्याच्या रिकाम्या जागेवर. पुण्याची कथा याहून खिन्न आहे. २००७ मध्यें पुणे एफ. सी. निघाला, २०१२–१३ च्या आय-लीगमध्यें दुसरा आला, त्याची तरुणांची अकादमी देशांत नांवाजली गेली, आणि २०१५ मध्यें धन्यानें हात आंखडता घेतल्यावर तो संपला. भारत एफ. सी. एक हंगाम खेळला. डी. एस. के. शिवाजियन्स २०१७ नंतर दिसेनासा झाला; लिव्हरपूलचें नांव लावून मुलें शिकविणारी अकादमी ह्याच क्लबाची. एफ. सी. पुणे सिटी २०१४ मध्यें वाजतगाजत आला, २०१७–१८ मध्यें उपांत्य फेरीपर्यंत पोंचला, आणि पुढल्याच वर्षीं पैशाच्या अडचणींत बुडाला. बारा वर्षांत चार क्लब! आणि हे सर्व अशा शहरांत, जेथें शंभर वर्षांच्या वाचनालयांचे व व्यायामशाळांचे महोत्सव आपण दरसाल करतों.

मोठ्या माणसांना क्लब बुडाल्याचें फारसें कांहीं वाटत नाहीं. तीं दुसरीकडे जातात. २०१४ च्या पुणे सिटीमध्यें इटलींतील फिओरेंतिना क्लबाची भागीदारी होती. प्रशिक्षक फ्रांको कोलोंबा इटालियन, गोलरक्षक बेलार्दी इटालियन, आणि मधल्या फळींत प्रशिक्षकांचाच मुलगा दाविदे कोलोंबा. बापाच्या नजरेखालीं परदेशांत नोकरी करणारा तरुण खेळाडू हें चित्र आम्हांस त्या वेळींही विचार करण्यासारखें वाटलें होतें. त्या मुलाचा पालक आणि त्याच्याकडून काम घेणारा एकच होता. आमच्याकडच्या मुलाचा बाप संस्थेच्या कचेरींत सही करतो, खाऊचे पैसे मुलाच्या हातांत ठेवतो आणि एस. टी. नें परत जातो. त्यापुढें त्याच्या जागीं कोण उभा असतो?

केरळांतील मलप्पुरमचा आशिक कुरुनियन हा डाव्या कडेनें व मधल्या फळींत खेळणारा मुलगा पुणे एफ. सी. च्या अकादमींत असाच लहानपणीं आला. तो तेथें असतांनाच क्लब संपला. सुदैवानें पुणे सिटीनें २०१६ मध्यें ती अकादमी आपल्याकडे घेतली. त्याच वर्षीं त्याला शिकावयास स्पेनांत व्हियारेआलकडे धाडलें. २०१९ च्या जानेवारींत तो आशियाई चषकांत भारताकडून खेळला. आणि त्याच सालीं त्याच्या पायांखालून दुसराही क्लब गेला. त्याला बंगळूरनें उचललें. त्याचे पाय चांगले होते म्हणून तो तरला. पण त्याच अकादमीच्या खोलींत त्याच्या शेजारच्या खाटेवर जो निजत होता व ज्याचे पाय थोडे कमी चांगले होते, त्याचें नांव आपणांस ठाऊक नाहीं. आणि नीतीचा प्रश्न आशिकचा नसून त्या शेजारच्या मुलाचा आहे.

क्लब बुडणें हें कांहीं हिंदुस्थानांतलेंच दुर्दैव नव्हे. पुण्याशीं भागीदारी करणारा तो फिओरेंतिना स्वतः २००२ मध्यें दिवाळखोर होऊन चौथ्या श्रेणींत फेंकला गेला. स्वतःचें जुनें नांवही त्याला उरलें नव्हतें. सगळे खेळाडू पांगले. एकटा आंजेलो दी लिव्हिओ, मधल्या फळींतला छत्तीस वर्षांचा अनुभवी गडी, त्याच क्लबाबरोबर खालीं उतरला आणि दोन वर्षांत त्याच्याबरोबर पुन्हा वर आला. ही निष्ठा वंदनीय खरीच. परंतु दी लिव्हिओनें आपलें दान समजून उमजून दिलें; त्याच्या गांठीं कारकीर्द होती, मिळकत होती, आणि नाहीं म्हणण्याची मुभा होती. चौदा वर्षांच्या मुलाकडून तीच निष्ठा मागणारी संस्था दान मागत नसते. ती न पिकलेलें शेत कापून नेत असते.

येथें एक जुना आक्षेप वाटेंत आडवा येतो, तो दूर करणें जरूर आहे. पुष्कळ सज्जन म्हणतात कीं मूळ पाप पैशाचें आहे. खेळ हौसेखातर खेळावा, पोटासाठीं नव्हे, म्हणजे हे प्रश्नच उरणार नाहींत. ही शिकवण आमच्या पिढीनें इंग्रजी पुस्तकांतून घेतली, आणि ती ज्या वर्गानें लिहिली त्याचें पोट आधींच भरलेलें होतें. इंग्लंडांतसुद्धां १८८५ मध्यें फुटबॉलच्या संघटनेला वेतन घेणारा खेळाडू मान्य करावा लागला, कारण गिरणींत राबणाऱ्या माणसाला शनिवारची मजुरी बुडवून हौस भागविणें परवडत नव्हतें. गवयानें बिदागी घ्यावी, प्रोफेसरानें पगार घ्यावा, आणि खेळाडूनें मात्र टाळ्यांवर जगावें, ह्यांत नीति नाहीं, सोंवळेपणा आहे. वेतन हें खेळाडूचें रक्षणच करतें. घात होतो तो वेतनाच्या आधींच्या वर्षांत, जेव्हां मुलगा सर्वस्व देत असतो व त्याच्या नांवावर कांहींच जमा होत नसतें.

ह्या आधींच्या वर्षांविषयीं ॲरिस्टॉटलनें राज्यशास्त्रावरील ग्रंथाच्या शेवटच्या भागांत एक मार्मिक निरीक्षण नोंदविलें आहे. ऑलिंपिक विजेत्यांच्या याद्यांत मुलांच्या गटांतही जिंकलेले आणि पुढें प्रौढपणींही जिंकलेले असे दोघे-तिघेच सांपडतात, असें तो म्हणतो. कारण लहानपणच्या कडक तयारीनेंच त्यांची शक्ति आटून जाते. तेवीसशे वर्षांपूर्वींच्या ह्या तत्त्वज्ञानें युक्तिवाद न करतां याद्या तपासल्या, हें आम्हांस फार आवडतें. आपण मात्र अपवाद तेवढे मोजतों. इटलीच्या मुलांना जानी रिव्हेराची गोष्ट सांगतात: १९४३ चा जन्म, १९५९ मध्यें पंधराव्या वर्षीं आलेस्सांद्रियाकडून वरिष्ठ श्रेणींत पहिला सामना, वर्षभरानें मिलान, १९६९ मध्यें युरोपांतला सर्वोत्कृष्ट खेळाडू, पुढें पार्लमेंटचा सभासद. गोष्ट खरी आहे. पण ती ऐकून शाळा सोडणाऱ्या मुलांपैकीं किती जण कोठें पोंचले, ती यादी कोणी पाठ करीत नाहीं.

हक्काच्या प्रश्नाकडे वळलें म्हणजे कायद्याची वाटचाल उद्बोधक आहे. बेल्जियमचा मधल्या फळींतला खेळाडू झां-मार्क बॉस्मन ह्याची मुदत १९९० मध्यें संपली, तरी पैसे मिळाल्यावांचून त्याचा लिएज येथील क्लब त्याला सोडीना. लक्झेंबर्गच्या न्यायालयानें १५ डिसेंबर १९९५ रोजीं निर्णय दिला कीं, करार संपलेला माणूस मोकळा आहे. त्या निकालानें पुढच्या खेळाडूंच्या घरीं लक्ष्मी आली. बॉस्मनची स्वतःची कारकीर्द मात्र त्या झगड्यांत संपली. पण बॉस्मन प्रौढ होता. इटलींत तर कोंवळ्या वयांत नोंदला गेलेला हौशी मुलगा पंचविसाव्या वर्षापर्यंत त्याच क्लबाला बांधलेला राही. हें बंधन २०२१ च्या सुधारणेनें रद्द ठरलें व जुलै २०२३ पासून सुटूं लागलें. म्हणजे ज्या देशानें मनुष्याच्या प्रतिष्ठेवर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले, त्यालाही मुलाचे पाय मुलाचेच आहेत हें कागदावर आणावयास एकविसावें शतक उजाडावें लागलें.

आतां कोणी विचारील, आणि तो रास्त विचारील, कीं फुटबॉलवरच एवढा रोष कां? मध्यमवर्गीय घरांतून चौदा वर्षांचीं मुलें लातुराला व कोट्याला धाडलीं जातात, त्यांच्या संध्याकाळी व सुट्ट्या प्रवेशपरीक्षेच्या वर्गांना विकल्या जातात. त्यांना कोणी विचारतो काय? नाहीं विचारीत. आणि त्या बाबतींतही आमचें म्हणणें हेंच आहे. भेद असलाच तर एवढा कीं, अभियांत्रिकीची परीक्षा हुकलेल्या मुलाजवळ निदान शिकलेलें गणित राहतें व तें कोठें तरी चालतें. गुडघा दुखावलेल्या सतरा वर्षांच्या खेळाडूजवळ जें राहतें त्याला आपल्या बाजारांत भाव नाहीं. शिवाय परीक्षा मधल्या वर्षीं बंद पडत नाहीं. उलट २०२५ च्या जुलैमध्यें आपल्या देशांतील सर्वांत मोठ्या फुटबॉल लीगचा पुढील हंगामच करारांच्या घोळांत अडकून स्थगित झाला, तेव्हां खेळाडूंना आपला पगार चालूं राहील कीं नाहीं हेंसुद्धां कळेना.

धोका पत्करणें हें स्वतः वाईट नव्हे, हें येथें सांगितलें पाहिजे. त्याच २०१७ च्या चमूंतला बचावाचा खेळाडू अन्वर अली. दोन वर्षांनीं त्याच्या हृदयांत दोष आढळला. संघटनेनें त्याला खेळण्यापासून थांबविलें. तो दिल्लीच्या उच्च न्यायालयांत गेला, पुढें मैदानावर परतला आणि २०२२ मध्यें भारताकडून खेळला. संघटनेची काळजी खोटी नव्हती, आणि त्याचा हट्टही नव्हता. विशीच्या तरुणानें वैद्यांचें ऐकून घेऊन आपला जीव स्वतः पणाला लावणें हा त्याचा अधिकार आहे, असें आम्हांस, कांहींशा भीतीनें कां होईना, वाटतें. पण ह्या अधिकाराचें मूळ त्याच्या समजेंत आहे. बारा वर्षांच्या मुलाला ती समज नसते. त्याची हौस म्हणजे त्याची संमति नव्हे. त्याच्या वतीनें दुसरा कोणी पण लावतो, आणि जो दुसऱ्याच्या वतीनें पण लावतो त्याला आपल्या जुन्या व्यवहारांत एक नांव आहे: जामीन. जामिनाला, डाव फसला तर, मी केवळ उत्तेजन दिलें होतें असें म्हणून अंग काढून घेतां येत नाहीं. मुलगा मोठा खेळाडू होईल अशी हमी कोणी देऊं शकत नाहीं व मागूंही नये. हमी असावयाची ती एवढीच कीं, तो खेळाडू झाला नाहीं तरी तो माणूस म्हणून उणा राहणार नाहीं.

जागतिक संघटनेच्या नियमांत पैशाच्या बाजूनें हा विचार पुष्कळ बारकाईनें केलेला आहे. खेळाडू परदेशीं क्लबाकडे पैसे देऊन नेला गेला, तर त्या रकमेचा विसावा हिस्सा, त्याला बाराव्या ते तेविसाव्या वर्षापर्यंत ज्यांनीं शिकविलें त्या क्लबांत वांटला जातो. अठराच्या आंतील मुलाला परदेशीं नेण्यावरही, कांहीं अपवाद सोडले तर, बंदी आहे. आणि शिकविणारा क्लब हयातच नसेल तर? त्याचीही तरतूद आहे: तो हिस्सा त्या देशाच्या संघटनेकडे, मुलांच्या खेळासाठीं म्हणून, जातो. बुडालेल्या क्लबाच्या येण्याला असा वारस लावून दिलेला पाहून नियम करणाऱ्यांचें कौतुक वाटतें. त्याच्या देण्याला वारस कोण, म्हणजे अकादमीच्या वसतिगृहांत असलेल्या मुलाची अर्धी राहिलेली शाळा, त्याचा दुखावलेला गुडघा, त्याचें घरीं परतण्याचें भाडें ह्यांचें काय, ह्याविषयीं मात्र त्या वांटणींत अक्षर नाहीं. क्लब काढणाऱ्या धनिकाकडून लीगमध्यें शिरतांना मोठमोठ्या रकमा घेतल्या जातात. त्यांतील एक भाग अकादमींतल्या मुलांच्या शिक्षणासाठीं व औषधोपचारासाठीं वेगळा, क्लबाला हात लावतां येणार नाहीं असा, ठेवून घेणें हें कांहीं फार अवघड गणित नाहीं. सरकारी प्रबोधिनीला तर ह्यांत पुढाकार घेतां येईल.

तें होईतों भार आईबापांवर आहे. पुढच्या हंगामांत ज्या पालकापुढें असा कागद येईल त्यानें मैदानाच्या हिरवळीकडे व भिंतीवरच्या परदेशी खेळाडूंच्या तसबिरींकडे थोडें कमी पाहावें. मुलें शाळा कोणती शिकतात, मास्तर रोज येतात कीं परीक्षेपुरते येतात, मुलगा जायबंदी झाला तर खर्च कोण व किती दिवस देणार, आणि संस्था मधल्याच वर्षीं बंद पडली तर त्याची दहावी कोठें पुरी व्हावयाची, हें विचारावें. उत्तर तोंडीं मिळूं लागलें तर, भीड न धरतां, तें सहीशिक्क्यानिशीं लिहून मागावें.